उजव्या खांद्यावरचा पदर

वन्सं,

तुम्ही जाऊन अजून महिना व्हायचाय. भेटायला येणारी माणसं आता कमी झालीत. येतात ती माझा हात धरून म्हणतात, "तुमचं दोघींचं काय जमायचं हो! अशा नणंद-भावजय बघितल्या नाहीत कुठं." मी मान हलवते आणि चहा ठेवायला उठते. नको म्हणाले तरी ठेवते. गॅससमोर उभं राहिलं की निदान त्यांच्याकडे पाठ तरी करता येते.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय गं, चोरी केलीस का? मान वर कर." चोरी नाही केली. तरी लाज वाटते, आणि ती कुणाजवळ बोलावी तर ऐकायला तुम्हीच हव्या होतात. म्हणून तुमच्याशीच बोलते.

लग्न होऊन मी मनमाडहून मखमलाबादला आले तेव्हा या घरात फुलांचा धंदा होता. मामंजी पहाटे फुलबाजारात जायचे, आई दिवसभर ओसरीवर हार ओवायच्या, आणि तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, सातपूरला कंपनीत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी फुलांच्या करंड्या ठेवत, तिथं तुम्ही स्क्रीन प्रिंटिंग करत होतात. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, गाड्यांवरची स्टिकरं. घरात शेवंतीचा वास आणि शेडमध्ये रॉकेलचा. मी पहिल्यांदा दारात आले तेव्हा तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुझी पत्रिका मीच छापली बरं का. सुधानं, तुझ्या नवऱ्यानं, तुझ्या नावातली वेलांटी चुकवून दिली होती. मी सुधारली. छापलेलं नाव चुकलं की माणसाला जन्मभर टोचतं."

येवल्याच्या सासरहून तुम्ही काही वर्षांतच परत आला होतात. का आलात ते मला घरात कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकदा पत्रिकांच्या घड्या घालताना तुम्हीच म्हणालात, "मारत नव्हते गं कुणी. बोलतच नव्हते. नवरा, सासू, दीर, कुणीच नाही. मग एक दिवस वाटलं, आपण मेलोय की काय, आणि आपल्याला कळलं नाही." एवढं बोलून तुम्ही पुढची पत्रिका उचललीत आणि मोठ्यानं वाचलीत, "चिरंजीव अमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक. या लग्नात जेवण चांगलं असणार बघ, 'आहेर आणू नये' ही ओळ गाळलीय." मला हसू आलं. मी घड्या घालत राहिले.

मी चित्रकला शिक्षकाचा कोर्स केलेला. त्यात मातीकाम थोडं शिकले होते आणि तेच मला सगळ्यात आवडायचं. तुमच्या ते लक्षात राहिलं. अंबडच्या एका कारखान्याचे शेठ मुलीची पत्रिका छापायला आले, तेव्हा बोलता बोलता कळलं की ते विजेच्या फ्यूजच्या चिनीमातीच्या बैठका बनवतात. तुम्ही लगेच विचारलंत, "बैठकांवर तुमचा छाप असतो, तो भट्टीत जळत नाही का?" ते म्हणाले, "तो रंगच वेगळा असतो बाई. भाजला की मातीत शिरतो. आग लागली तरी जात नाही." शेठ गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. डोळे असे चमकत होते, जसं कुणी गुपित सांगितलंय. "रोहिणी, कागदावर छापलेलं फिकं पडतं. कापडावरचं धुऊन जातं. आणि हे आगीतून बाहेर येतं म्हणे. मला पाहिजे हे."

शेठनी मातीची कातरण दिली, काळा रंग दिला, भट्टीच्या कडेला जागाही दिली. पण मातीवर थेट छापायला गेलो तर छपाईच्या जाळीचा पडदा चिकटायचा. मग तुम्ही म्हणालात, आधी वर्तमानपत्राच्या कागदावर छापू आणि तो कागद मातीवर उलटा घालू. रंग घट्ट होण्यासाठी तुम्ही त्यात काकवी घातलीत. सकाळी शेडमध्ये गेलो तर कागदावर मुंग्यांची रांग, आणि चित्र निम्मं खाल्लेलं! आपण दोघी खाली बसून पोट धरून हसलो. आई ओसरीवरून ओरडल्या, "काय झालं गं बायांनो?" तुम्ही म्हणालात, "आई, मुंग्यांना कला आवडली."

मग काकवीच्या जागी ग्लिसरीन आलं. माती लाटायची, ती चामड्यासारखी होईपर्यंत थांबायचं, छापलेला कागद पालथा घालायचा, मागून ओल्या स्पंजानं टिपायचं, वाटीच्या बुडानं हळूहळू घासायचं. आणि मग कागद सोलायचा. सोलायचं काम तुमचं. तुम्ही श्वास धरून एका कोपऱ्यापासून सुरू करायचात आणि खालून चित्र वर यायचं, जणू मातीत आधीपासून होतंच. ते बघताना मला जे वाटायचं त्याला मी आजवर नाव दिलं नाही. आनंद म्हणायला हरकत नाही. एवढा आनंद मला या घरात दुसऱ्या कशानं झाला नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

पहिलं नीट आलेलं चित्र पत्रिकेवरच्या गणपतीचं होतं. कौतुकानं आईंना दाखवायला नेलं तर त्यांनी हातच लावला नाही. "उजव्या सोंडेचा गणपती? घरात? कडक असतो तो, सोवळं कोण पाळणार?" आपण बघत राहिलो. पत्रिकेवर सोंड डावीकडे होती, मातीवर उजवीकडे आली होती. कागद पालथा घातला की डावं-उजवं बदलतं, एवढी साधी गोष्ट. त्या दिवसापासून आपला नियम ठरला, चित्राची फिल्म आधी उलटी लावायची, मगच ती उन्हात धरून छापायचा पडदा तयार करायचा. म्हणजे हे आपल्याला माहीत होतं, वन्सं. माहीत नसतं तर मी स्वतःला माफ केलं असतं.

नामपूरच्या शाळेचं काम आलं तेव्हा आपल्या फरशा नाशकात दोन-चार घरांच्या दारांवर लागल्या होत्या. कमळं, हत्ती, घरांची नावं. नामपूरचे मुख्याध्यापक पिशव्या छापायला आले होते, त्यांनी त्या फरशा बघितल्या. त्यांच्याकडे मुलींची शाळा सुरू करणाऱ्या बाई वारल्या होत्या. घरोघर फिरून, आयांशी भांडून, मुलींना शाळेत आणणाऱ्या बाई. शाळेच्या भिंतीवर त्यांचं मोठं चित्र लावायचं होतं. "रंगवलेलं चित्र उन्हानं उडतं हो," ते म्हणाले. तुम्ही छाती पुढं काढून सांगितलंत, "आमचं उडणार नाही. ऊन येऊ द्या, पाऊस येऊ द्या, तुमची शाळा पडेल पण बाई जाणार नाहीत." मुख्याध्यापक हसले. मीही हसले.

बाईंचा एकच फोटो त्यांनी दिला. साधं पातळ, केस मागे घट्ट बांधलेले, ओठांवर किंचित हसू. तो मोठा करून, ठिपक्या-ठिपक्यांची फिल्म करून आणली. चित्र बऱ्याच फरशांवर विभागलं जाणार होतं, म्हणून फिल्मचे तुकडे होते. नावाच्या अक्षरांची फिल्म मी स्वतः दोनदा तपासून उलटी लावली. चेहऱ्याची कुणी लावली? आभाळ येत होतं, पडदे उन्हात धरायची घाई होती, आई आतून हाका मारत होत्या, तुम्ही काच धरली होतीत, मी काळं कापड. तुमच्या मनात मी उलटी लावली, माझ्या मनात तुम्ही. यावर आपण पुढं कितीदा बोललो! तुम्ही म्हणायचात, "माझ्या हातून झालं." मी म्हणायचे, "नाही, माझ्या." शेवटपर्यंत कळलं नाही.

भाजून आल्यावर शेडच्या जमिनीवर आपण सगळ्या फरशा मांडल्या. चेहरा सुरेख आला होता. तुम्ही कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलात. म्हणालात, "फोटोतल्यासारख्या वाटत नाहीत गं बाई. काहीतरी वेगळं दिसतंय." मी म्हणाले, "मोठं केलं की असंच वाटतं, वन्सं." शिकलेली मी होते. तुम्ही माझं ऐकलंत.

कांद्याच्या गोणत्यांत पेंढा घालून फरशा नेल्या. आदल्या संध्याकाळी गवंड्यानं सिमेंटमध्ये बसवल्या आणि वरून चादर टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेचं पटांगण भरलेलं. बाईंनी शिकवलेल्या बाया लेकींना, नातींना घेऊन आलेल्या. पुढच्या रांगेत बाईंचे यजमान, सगळे त्यांना गुरुजी म्हणत, पांढरी टोपी घालून, काठी गुडघ्यांत धरून बसलेले. पाहुण्यांनी दोरी ओढली. टाळ्या सुरू झाल्या.

माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं कपाळावर हात धरून बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "व माय! बाईना पदर उलटा शे!"

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी बघितलं. पदर उजव्या खांद्यावर होता. मागं कुठूनतरी एक मुलगी म्हणाली, "बाईला गुजरातीण केली यांनी!" आणि हसू सुटलं. आधी मुलींच्या रांगेत, मग बायांत, मग पुरुषांतही. तोंडावर हात घेऊन, पदरात तोंड लपवून सगळं पटांगण हसत होतं. वाईट मनानं कुणी हसलं नसेल. पण ज्या बाईपुढं या गावानं कधी आवाज चढवला नव्हता तिला गाव हसत होतं, आणि ते आपल्यामुळं. मुख्याध्यापकांचा चेहरा मला अजून दिसतो. मी माझा पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि खाली बघत बसले. मला वाटलं, जमीन आत घेईल तर बरं.

तुम्ही उठलात. बायांच्या रांगांमधून वाट काढत भिंतीपाशी गेलात, वळलात, आणि माईक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "चित्र आम्ही केलंय. छापताना उलटं झालं. चूक आमची आहे, बाईंना हसू नका. दुसरं करून देऊ." 'आमची' म्हणताना तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मी मान वर केली नाही.

मग गुरुजी उठले. काठी टेकत टेकत भिंतीपाशी गेले.  त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि जवळून बघितलं. म्हणाले, "सकाळी ती आरशासमोर उभी राहून पदर लावायची. मी मागं चहा पीत बसलेलो असायचो. मला ती रोज अशीच दिसायची." मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुला कसं कळलं?"

तुम्ही रडलात. तुम्हाला रडताना मी तेवढंच एकदा बघितलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. सटाणा गेलं, देवळा गेलं. तुम्ही मध्येच म्हणालात, "गुरुजी काय म्हणाले ऐकलंस ना?" मला ते सोसतच नव्हतं. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर जमलं असतं. त्या माणसानं आपली चूक आपल्या हातून काढून घेतली आणि तिचं काहीतरी वेगळंच करून टाकलं. तुम्हाला त्यानं बळ आलं. मला आणखी शरम वाटली. असं का व्हावं, हे मला कळलेलं नाही.

दुसरं चित्र केलं. फिल्म मी इतक्यांदा तपासली की शेवटी तुम्ही चिडलात. ते बसवायला मात्र मी गेले नाही, ताप असल्याचं सांगितलं. तुम्ही एकट्या गेलात. आल्यावर सांगितलंत की जुन्या फरशा काढताना काही तडकल्या, पण गुरुजींनी सगळे तुकडे मागून घेतले आणि घरात आरशाच्या जागी लावायला सांगितले. "चल एकदा बघायला," तुम्ही म्हणालात. त्या वर्षी म्हणालात, पुढच्या वर्षी म्हणालात. गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हाही म्हणालात. मी गेले नाही.

त्याच फेरीत तुम्ही कापडी पिशवी भरून फोटो आणले होतेत. शेडच्या टेबलावर ते पसरलेत. कोपरे दुमडलेले, पिवळे पडलेले, एक तर मधोमध फाटलेला. नामपूरच्या बायांनी दिलेले. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची बाळंतपणात गेलेली बहीण.

"बघ तरी," तुम्ही म्हणालात. "या बायांचं नाव कुठं दगडावर नाही, कागदावर नाही. त्यांना मातीवर पाहिजे. घराच्या भिंतीत."

"मी चेहरे करणार नाही, वन्सं."

"का?"

"फुलं करू. हत्ती करू. माणसं नकोत."

"हत्ती कोणाला पाहिजे गं? अगं, चुकलं तर चुकलं. हसले तर हसले. मी येवल्याहून बॅग घेऊन आले तेव्हा अख्खी गल्ली खिडकीत उभी होती. मेले का मी?"

आणि मी म्हणाले, "तुम्हाला सवय आहे. मला नाही."

 एकेक फोटो उचलून पिशवीत ठेवू लागलात. फाटलेला फोटो वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलात. शेवटचा फोटो ठेवून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "लाज वाटली तुला, आणि हात माझे बांधलेस." आठवड्यानं तुम्ही पुन्हा नामपूरला जाऊन घरोघर फोटो परत देऊन आलात.

मी शाळेत नोकरी धरली. मातीचा ड्रम कोपऱ्यात गेला. तुम्ही पत्रिकांकडे वळलात. नंतर कॉम्प्युटर आले, रंगीत गुळगुळीत पत्रिका आल्या, तुमच्याकडे पिशव्या आणि स्टिकरं राहिली. आपण भांडलो नाही. तुम्ही पूर्वीसारख्या पत्रिका वाचून दाखवायचात, मी हसायचे. शाळेतून यायला उशीर झाला तर कुकर तुम्ही लावलेला असायचा. पण शेडमध्ये मी काही निमित्त असल्याशिवाय गेले नाही आणि तुम्ही बोलावलं नाहीत. त्या एका वाक्याबद्दल बोलायचं मी रोज ठरवायचे म्हटलं तर खोटं होईल. कधीकधी ठरवायचे. तुमचा चेहरा बघितला की वाटायचं, विसरल्या असतील. तुम्ही कुणाचं वाकडं बोलणं विसरत नव्हतात, हे मला ठाऊक होतं.

आणि मग तुम्ही गेलात. झोपेतच, कुणाला त्रास न देता, असं लोक म्हणतात. तुम्ही कुणाला त्रास द्यायचा नाही हे आम्ही सगळे इतकं धरून चाललो होतो की त्यातही कुणाला नवल वाटलं नाही.

दहाव्याच्या आधी फोटो हवा होता. ह्यांनी कपाटातले अल्बम काढले. माझ्या लेकीचे, आपल्या चिन्मयीचे वाढदिवस, सत्यनारायण, वणीला गेलो तेव्हाचे, मामंजींच्या साठीचे. आम्ही दोघं जमिनीवर बसून पानं उलटत होतो. एका फोटोत तुमचा कोपर होता. एकात तुमची पाठ, तुम्ही केकची ताटली नेत होतात. एका ठिकाणी दारात तुम्ही अर्ध्या, अर्धा दरवाजा. कॅमेरा निघाला की तुम्ही म्हणायचात, "तुम्ही व्हा उभे, माझे हात शाईचे आहेत." आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही म्हटलं नव्हतं की हात धुऊन या, आम्ही थांबतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेडचं दार आतून बंद असायचं. शाई वाळतेय, तुम्ही म्हणायचात. मीही बायांना तेच सांगायचे, शाई वाळतेय.

ह्यांनी अल्बम मिटला. मग म्हणाले, "हिचा एकटीचा एकही फोटो नाही, रोहिणी." तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही.

तुमच्या लग्नातला फोटो होता, पण तो लावायचा नाही हे न बोलता ठरलं. शेवटी मतदान ओळखपत्रावरचा घेतला. ह्यांनी स्टुडिओतून मोठा करून, चौकट घालून आणला. तुम्ही त्या कार्डाला हसायचात, "हिला मत नको, कोठडी द्या." मोठा केल्यावर तर नाकडोळे विरघळून गेले होते. कपाळ तेवढं पांढरं, बाकी सावली.

आईंनी स्वतः हार ओवला होता. बोटं आता थरथरतात, तरी कुणाला हात लावू दिला नाही. शेवंती आणि मध्ये गुलाब. हार घेऊन त्या फोटोपुढं उभ्या राहिल्या, वाकून बघितलं, आणि मागं झाल्या.

"ही कोण बाई?"

"आई, ताई आहे," हे म्हणाले.

"ही माझी मंदा नाही." घरात पाहुणे होते. आईंचा आवाज चढला. "आयुष्यभर दुसऱ्यांना हार केले मी. माझ्या पोरीचा हार मी परक्या बाईला घालू? काढा तो फोटो. काढा!"

ह्यांनी फोटो काढून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. दहावा तसाच झाला. पाटावर काहीच नव्हतं आणि हार ताटात पडून होता. पाहुण्यांना वाटलं असेल, म्हातारीला दुःखानं भ्रम झालाय. आम्हाला दोघांना माहीत होतं की त्या घरात तेवढी एकच व्यक्ती शुद्धीवर होती.

तेराव्यानंतर मी शेडमध्ये गेले. ड्रममधली माती दगड झाली होती. ती फोडली, भिजत घातली, गाळली, मळली. हात विसरले नव्हते. एक जाड लादी केली आणि टोचा घेऊन बसले. छापायला काही नव्हतंच. म्हटलं, हातानं काढू. वीस वर्षं मुलांना माणसाचा चेहरा काढायला शिकवणारी बाई मी. लंबगोल काढला, मधली रेघ काढली. आणि पुढं येईना, वन्सं. तुमचे हात मी डोळे मिटून काढले असते. नखांतली शाई, वाटी धरायची पद्धत, कागद सोलताना उचललेली करंगळी, सगळं. चेहरा येईना. भुवया कशा होत्या? ओठ खालचा जाड की वरचा? आधीची वर्षं आपण दोघी टेबलाकडे बघत होतो, आणि नंतरची वर्षं मी तुमच्या डोळ्यांना डोळा दिला नाही. मी काढायचे, पुसायचे. पुन्हा काढायचे. माती चिखल झाली.

दुपारची वेळ होती. हे दारात येऊन उभे राहिले. तुमच्या शेडमध्ये ते किती वर्षांनी आले कुणास ठाऊक. तुमच्या येवल्याहून येण्यानं त्यांना लहानपणी मित्रांत किती ऐकून घ्यावं लागलं, ते मला लग्नानंतर एकदाच बोलले होते. तुमच्याबद्दल त्यानंतर काही नाही. मी म्हणाले, "मला येत नाहीये." ते आत आले, माझ्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनी लादी जवळ ओढली.

"हनुवटी अशी नव्हती तिची," ते म्हणाले. "जरा पुढं होती. भांडायला निघाल्यासारखी." त्यांनी अंगठा पाण्यात बुडवून मातीत दाबला आणि हनुवटी वर ओढली. वाकडी झाली. त्यांनी पुन्हा दाबली. मग म्हणाले, "लहानपणी मला शाळेत सोडायला यायची. मी वर बघितलं की पहिली हनुवटीच दिसायची." आणि ते अंगठ्याची माती पुसत बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी दाखवलं तसं मी हनुवटीवरून गाल घेतला, गालावरून कान.

त्या दिवशी एवढंच झालं. नंतर ते कामावरून आले की थोडा वेळ शेडमध्ये येतात. काल नाकावरून आमचं भांडण झालं. डोळे अजून कोरे आहेत. भाजलं की मग काही बदलता येत नाही, म्हणून मी लादीवर ओलं फडकं टाकून ठेवते, सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा. माती मऊ राहते.

आई ओसरीवरून रोज विचारतात, "झाली का गं मंदा?"

मी सांगते, "अजून नाही, आई."